लख्ख ऊन पडेल, लिहून घ्या

मी आयुष्यभर सरकारचा पगार घेऊन आकाशाकडे बघत होतो. निवृत्त झाल्यावर तेच काम फुकट करायला लागलो.

हवामान खात्यात होतो मी. मूळचा सोलापूरचा, पण बदल्या होत होत शेवटची बदली जयपूरला झाली आणि इथंच दुर्गापुऱ्यात घर घेऊन बसलो. निरोपसमारंभात मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. (ज्याला आता वेळेवर कुठंच जायचं नाही, नेमकं त्यालाच घड्याळ का देतात, हे कोडं मला सुटलेलं नाही.) भाषणं झाली. सरांशिवाय ऑफिस पोरकं होईल, असं एकानं सांगितलं आणि मी ते खरं धरून चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम बातम्या लावून बसलो. हवामानाचा अंदाज ठरल्या वेळेला आला, सूर्यही ठरल्या वेळेला उगवला. माझ्यावाचून दोघांचंही काही अडलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

नोकरीत असताना काय रुबाब होता! नात्यात लग्न ठरलं की मुलीच्या बापाचा पहिला फोन गुरुजींना आणि दुसरा मला. शेजाऱ्यांना गच्चीला डांबर लावायचं असलं तरी आधी माझ्याकडे चौकशी. आता खरं सांगायचं तर मी कधीच कुणाला सरळ उत्तर दिलं नाही. खात्याची भाषाच तशी. 'तुरळक ठिकाणी हलक्या स्वरूपाचा पाऊस पडण्याची शक्यता' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय, की झोपेत उठवलं तरी सही-शिक्क्यासकट म्हणून दाखवीन. या वाक्याची गंमत अशी, की पाऊस पडला तरी ते खरं आणि नाही पडला तरी खरं. पुढे पुढे ही भाषा घरातही शिरली. वसुधा, म्हणजे आमची मंडळी, सकाळी विचारायची, "अहो, संध्याकाळी जेवायला वेळेवर येणार का?" मी म्हणायचो, "शक्यता आहे." मग ती माझं ताट झाकून ठेवायची आणि आपलं जेवून घ्यायची.

निवृत्त झालो आणि फोन बंद पडला. बंद म्हणजे यंत्र चालू होतं, माणसं बंद पडली. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल, त्यात ढगाचं चित्र. मी गच्चीवर तापमापक टांगला, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठीला फडकं बांधलं आणि रोज सकाळी चहाच्या वेळी घरात हवामान जाहीर करायला लागलो. वसुधा माझं सगळं ऐकून घ्यायची आणि मग माझ्यादेखत मोबाइल उघडून बघायची. एकदा मी चिडलो तर शांतपणे म्हणाली, "तुमच्यावर विश्वास नाही असं नाही हो, पण ह्याच्यात कळतं की स्वेटर घालायचं का नाही." मला माणसांत किंमत राहिली नाही, हे मला त्या दिवशी कळून चुकलं. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी एकदा, फक्त एकदा, मला विचारावं की उद्या हवा कशी आहे.

आणि विचारलं की हो! आमच्या लेकीचं, केतकीचं, लग्न जयपुरातल्याच मुलाशी ठरलं. रोहित त्याचं नाव, मुलगा गुणी. त्याच्या घरचा सांगानेरला कापडछपाईचा कारखाना आहे. लाकडी ठशांनी कापड छापायचं आणि मोकळ्या मैदानात उन्हात वाळत घालायचं, म्हणजे सगळा संसार आकाशाच्या भरवशावर. मी हवामान खात्यातला आहे हे कळल्यावर विहीणबाई सरोजजींचा चेहरा असा काही खुलला, की मला वाटलं, लग्न मुलीपेक्षा माझ्यामुळेच ठरलं असावं. मी निवृत्त आहे हे मी लगेच सांगितलं नाही. वसुधानं सांगितलं.

लग्न संक्रांतीनंतरचं. वसुधाचा हट्ट, की आपल्याकडे मुहूर्त करताना सुवासिनी सांडगे घालतात, तर जयपूर असो नाहीतर जपान, सांडगे झालेच पाहिजेत. ती हे विहीणबाईंना समजावून सांगायला लागली तर त्या हसायलाच लागल्या. त्यांच्याकडेही लग्नाआधी बायका जमून, गाणी म्हणत मुगाच्या डाळीच्या मंगोड्या घालतात. आमचे सांडगे म्हणजे त्यांच्या मंगोडीची थोरली बहीण, एवढाच काय तो फरक. दोघींनी तिथल्या तिथं ठरवलं, की दोन्ही घरचं एकत्रच करायचं आणि आमच्या गच्चीवर करायचं, कारण आमची गच्ची मोठी आणि तिथं दिवसभर ऊन. मग विहीणबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "समधीजी, दिन तो आप ही बताओगे. आपसे बड़ा जानकार कौन है?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते चहाच्या वाफेवर ढकललं.

घरी आल्यावर मी ऑफिसात फोन लावला. माझ्या खुर्चीत आता जो बसतो, तो माझ्याच हाताखाली शिकलेला. मोठ्या अदबीनं बोलला, पायाला हात लावतो वगैरे म्हणाला आणि मी येत्या बुधवारचं विचारल्यावर त्यानं सांगितलं, की सर, पश्चिमेकडून ढगांची एक फळी येतेय, मावठाची लक्षणं आहेत. (राजस्थानात थंडीत पाऊस पडतो त्याला मावठ म्हणतात.) मी विचारलं, नक्की? तर तो पठ्ठ्या म्हणाला, "सर, तुरळक ठिकाणी हलक्या स्वरूपाचा पाऊस पडण्याची शक्यता."

माझं वाक्य, आणि मलाच! अंगाचा तिळपापड झाला माझा. त्या वाक्यात किती दम असतो हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मीच तर त्याला शिकवलं होतं, की काही कळेनासं झालं की हे वाक्य टाकायचं. मी फोन ठेवला, गच्चीवर गेलो, काठीवरच्या फडक्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. निळंशार. आणि मला एकदम साक्षात्कार झाला, की आता मी निवृत्त आहे. आता मला 'शक्यता' म्हणायची गरज नाही. सगळी नोकरी गुळमुळीत बोलण्यात गेली. आता तरी माणसानं छातीठोक बोलावं.

खाली आलो तर केतकी मोबाइल घेऊन उभी. तिची शाळा गावोगावी झाली, त्यामुळे तिचं मराठी थोडं अडखळत चालतं. म्हणाली, "बाबा, बुधवारी तर बारिश दाखवतंय. मतलब, तुम्ही नक्की बघितलंय ना? माझी सास येणार आहे."

मी तिला म्हटलं, बेटा, त्या मोबाइलला दुर्गापुरा कुठं आहे ते तरी माहीत आहे का? मग मी विहीणबाईंना फोन लावला. आवाज खर्जात नेला आणि उभ्या हयातीत कधी बोललो नव्हतो ते वाक्य बोललो. "बुधवारी लख्ख ऊन पडेल. लिहून घ्या." म्हणजे हिंदीत म्हणालो, पण जोर सोलापूरचाच होता.

बुधवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. मी पहाटेच उठून अंघोळ करून, जाकीट घालून तयार. बायका आल्या. विहीणबाई, त्यांच्या जावा, रोहितची बुवाजी म्हणजे आत्या, आमच्या ओळखीच्या चार मराठी घरच्या बायका. गच्चीवर खाटा टाकल्या, त्यावर धुतलेली धोतरं अंथरली. एकीकडे वसुधानं हळदीकुंकू वाहून मुहूर्ताचे पाच सांडगे घातले, दुसरीकडे त्यांच्या बायका टपाटप मंगोड्या घालायला लागल्या. त्यांची गाणी चालली होती, मधूनच आमच्याकडच्या ओव्या. मी पाठीमागे हात बांधून खाटांमधून फिरत होतो. तिथं माझं काहीही काम नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण विहीणबाईंनी प्रत्येकीला माझी ओळख करून दिली, की हे मौसमवाले समधीजी, ह्यांनीच आजचं ऊन सांगितलं. जणू मीच ते घरून डब्यात घालून आणलं होतं!

झालं. बुवाजींनी विचारलं, गाद्या-रजया उन्हात टाकायच्या राहिल्यात, आज टाकू का? मी म्हटलं, बेलाशक टाका. त्यांनी लगेच घरी फोन करून सुनेला कामाला लावलं. एका जाऊबाईंनी घराच्या रंगकामाचं विचारलं. त्यांनाही मी ऊन दिलं. मागेल त्याला ऊन देत सुटलो होतो मी त्या दिवशी. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, की कारखान्यात वरातीच्या साफ्यांचं, म्हणजे फेट्यांचं, कापड नुकतंच छापून झालंय, रंग अजून कच्चा आहे, मोबाइलवर पाऊस दाखवतात म्हणून ह्यांनी आत ठेवलंय. काय करू?

इथं एखाद्या शहाण्या माणसानं 'शक्यता' हा शब्द काढला असता. मी म्हणालो, "बेफिकर होके फैलाओ." त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि माझा हवाला देऊन सगळ्या वरातीचं कापड मैदानात पसरायला सांगितलं.

त्यानंतर थोड्याच वेळात पश्चिमेला एक ढग आला. लहानसा. वसुधानं माझ्याकडे बघितलं. मी तिला सांगितलं, की हा फार उंचावरचा ढग आहे, ह्यात पाणी नसतं. त्याच्या मागून त्याचे भाऊबंद आले. मी सांगितलं, हे नुसते जाणारे आहेत. वारा फिरला आणि काठीवरचं फडकं माझ्या तोंडावर फडफडायला लागलं, तरी मी ह्या ऋतूत वारा असा फिरतो ह्यावर बुवाजींना व्याख्यान देत होतो. तेवढ्यात माझ्या टकलावर एक थेंब पडला. मी वर बघून म्हणालो, "टाकी भरून वाहतेय वाटतं."

टाकी जिन्याच्या पलीकडे, माझ्यापासून पार दुसऱ्या टोकाला होती.

मग जो पाऊस आला, त्याला हलका म्हणायची सोय नव्हती आणि तुरळक तर नाहीच नाही. बायका एकदम उठल्या. कुणी खाट इकडून ओढतंय, कुणी तिकडून. विहीणबाईंनी खाटेचं एक टोक धरलं, वसुधानं दुसरं, आणि जिना अरुंद असल्यामुळे आधी कोण उतरणार ह्यावर दोघी एकमेकींना आग्रह करत भिजत उभ्या राहिल्या. (वरपक्षाचा मान बघा. पाऊस पडत असला तरी तो सुटत नाही!) ती खाट तिरकी झाली आणि सगळ्या मंगोड्या घसरत जाऊन शेजारच्या सांडग्यांत मिसळल्या. मी काय करत होतो? मी छत्री घेऊन मुहूर्ताच्या पाच सांडग्यांवर धरून उभा होतो. एवढे वाचले तरी अब्रू राहील, असा माझा हिशेब. वाऱ्याचा एक झोत आला, छत्री उलटी झाली आणि तिच्यात साठलेलं सगळं पाणी मी माझ्या हातानं त्या पाच सांडग्यांवर ओतलं.

खाली दिवाणखान्यात सगळे ओलेचिंब होऊन बसलो. परातींमधून पिवळट लगदा, त्यात कुंकवाचे ओघळ. विहीणबाईंचा फोन वाजला. सांगानेरहून. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच म्हणाल्या, की अच्छा, सगळं? आणि फोन ठेवला. बुवाजींच्या घरून रजयांचं कळलं. बुवाजी हळू आवाजात शेजारणीला म्हणाल्या, की लग्नाच्या मंगोड्या भिजणं काही बरं नाही. ते सगळ्यांनीच ऐकलं. केतकी दारात उभी होती आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता. माझ्या फुशारकीपायी पोरीच्या लग्नाला गालबोट लागत होतं, आणि ते मला सहन होईना.

मी उभा राहिलो. म्हणालो, की ह्यात शकुन-अपशकुन काही नाही, सगळी चूक माझी. ऑफिसनं पाऊस सांगितला होता, मोबाइलनं सांगितला होता, मुलीनं सांगितला होता. पण निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी विचारल्यावर माझ्यानं 'पाऊस' म्हणवलं नाही.

विहीणबाईंनी ओला पदर पिळला. मग वसुधाकडे वळून अगदी शांतपणे त्यांनी विचारलं, "बहनजी, सरकार ने इनको इतने साल रखा कैसे?"

वसुधा परातीतला लगदा निपटत होती. मान वर न करता म्हणाली, "सरकार को घर में सांडगे थोड़े ही डालने थे."

आधी केतकीला हसू फुटलं. मग विहीणबाईंना. मग बुवाजींनाही, इतकं की त्यांना ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं. वसुधानं त्या लगद्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून तेल तापत ठेवलं, आणि वधूपक्षाचे सांडगे न् वरपक्षाच्या मंगोड्या एकाच कढईत भजी होऊन तळून निघाल्या. बाहेर पाऊस, आत गरम भजी. मी जास्त खाल्ली नाहीत. म्हणजे मागितली होती, पण वसुधानं वाढली नाहीत.

पण सांडगे-मंगोड्या पुन्हा करायच्या होत्याच. विहीणबाईंचा फोन आला, की समधीजी, कोणता दिवस? मी कानाला खडा लावला होता. नको म्हटलं, मला विचारू नका. त्या ऐकेनात. शेवटी घाबरत घाबरत मी म्हणालो, की शुक्रवार तेवढा टाळा, पावसाचं लक्षण आहे. त्यांनी शुक्रवारच धरला. दिवसभर असं ऊन पडलं, की संध्याकाळपर्यंत मंगोड्या खडखडीत वाळल्या. लग्नही छान झालं. साफ्यांचे रंग एकमेकांत उतरले होते, त्यामुळे वरात दारात आली तेव्हा आमच्या सोलापूरच्या पाहुण्यांना वाटलं, की इकडं होळी लग्नाच्या आधीच खेळतात.

तेव्हापासून रोज सकाळी सांगानेरहून व्याह्यांचा फोन येतो. रामराम झाला की विचारतात, समधीजी, आज हवा कशी? मी ऊन म्हटलं की ते कापड आत घेतात, आणि पाऊस म्हटलं की मैदानात पसरतात. हे मला फार उशिरा कळलं, तेही केतकीनं सांगितल्यामुळे. कळल्यावर दोन दिवस मी जेवताना कुणाशी बोललो नाही.

मग एक दिवस खरोखरीच ढग भरून आले आणि माझ्या लक्षात आलं, की आता मी खरं बोलून 'पाऊस येणार' म्हटलं तर हा भला माणूस सगळं कापड मैदानात नेऊन टाकेल. लेकीच्या सासरचं नुकसान माझ्या तोंडून व्हायचं! तेव्हापासून मी रोज पहाटे उठतो. माझ्या खुर्चीतल्या त्या पोराला फोन करतो, ढगांची चित्रं बघतो, वारा बघतो, वसुधाचा मोबाइलही चोरून बघतो. ऊन की पाऊस, ह्याची पुरती खात्री करून घेतो, आणि मग व्याह्यांना बरोबर त्याच्या उलटं सांगतो. नोकरीत असताना माझा अंदाज कधी खरा ठरायचा, कधी खोटा. आता मात्र तो रोज न चुकता खोटा ठरतो, आणि सांगानेरचे लोक म्हणतात, ह्या वयातसुद्धा ह्या माणसाची काय तयारी आहे.